अ‍ॅक्टिव्ह शूटर प्रशिक्षण: पहिल्याच महिन्यात जा

अमेरिकेत शिकायला आले तेव्हा विद्यापीठाकडून या प्रशिक्षणाचा मेल आला होता. अ‍ॅक्टिव्ह शूटर म्हणजे गर्दीच्या जागी लोकांवर गोळ्या झाडत सुटलेला माणूस; अशा वेळी काय करायचं ते यात शिकवतात. सक्ती नव्हती, आणि विषयाचीच धास्ती वाटली, म्हणून मी गेले नाही. गेले ते थेट दुसऱ्या सत्रात. नव्याने येणाऱ्यांनी एवढा उशीर करू नये, म्हणून हे लिहितेय.

आम्हाला विद्यापीठाच्या पोलिसांनी शिकवलं. सुरुवात १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारापासून. तिथे पोलीस विशेष पथकाची वाट बघत बाहेर थांबले होते. आता जो आधी पोहोचेल त्याने आत शिरायचं, अशी पद्धत आहे. तरी एफबीआयने तपासलेल्या २००० ते २०१३ मधल्या अशा गोळीबारांपैकी ज्या ६३ घटना किती वेळ चालल्या ते कळलं, त्यातल्या ४४ पाच मिनिटांच्या आत संपल्या होत्या. तेवढी मिनिटं आपली आपणच निभावायची असतात.

सूत्र तीन शब्दांचं: पळा, लपा, लढा. पळता येत असेल तर सामान तिथेच टाकून पळायचं. लढायचं ते दुसरा काही मार्गच उरला नाही तर. पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो विश्वास बसण्यात. 'फटाके असतील' असं वाटून माणसं जागेवरच बसून राहतात. दिवाळीच्या आवाजात वाढलेल्या आपण तर हे नीट लक्षात ठेवायला हवं.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते दार. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात ३२ जण मारले गेले. तिथे ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिऊ लिब्रेस्कू वर्गाचं दार अडवून उभे राहिले आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. ते स्वतः वाचले नाहीत. हे ऐकल्यापासून कुठल्याही वर्गात गेले की मी आधी दार बघते. आतून लॉक होतं का? आत उघडत असेल तर टेबलं लावून अडवता येतं, बाहेर उघडत असेल तर हँडल पट्ट्याने बांधून ओढून धरावं लागतं. मग दिवे बंद, फोन सायलेंट (व्हायब्रेशनसुद्धा बंद), आणि दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसायचं.

रक्तस्राव थांबवण्याचा 'स्टॉप द ब्लीड' हा वर्ग वेगळा असतो, तोही करा. टुर्निके (रक्त थांबवायला हाता-पायाला आवळायचा पट्टा) जखमेच्या दोन-तीन इंच वर बांधायचा, सांध्यावर नाही, आणि रक्त थांबेपर्यंत आवळायचा. माणूस कळवळतो, तरी सैल सोडायचा नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. हे वाचून जमत नाही, हाताने करूनच जमतं.

पोलीस आत आले की हात रिकामे आणि वर. ते जखमींना ओलांडून पुढे जातील. ते निर्दयपणे वागत नसतात, त्यांना आधी गोळीबार थांबवायचा असतो.

काही ठिकाणी सरावात खोट्या गोळ्यांचे आवाज काढतात. त्रास होणार असेल तर आधी विचारून घ्या. चांगला प्रशिक्षक मधून उठून जाऊ देतो.

एक काम मात्र आजच करा. विद्यापीठाच्या अलर्टसाठी तुम्ही बहुधा भारतातला नंबर दिला असेल. इथलं सिम घेतल्यावर तो बदललात का? आणि तुमच्या इमारतीचं नाव, मजला, खोली पाठ करा. ९११ ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन लागला की सगळ्यात आधी तेच सांगायचं असतं.