बीडीएसला आहात? एअरोटर सुरू होण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

दात कोरायच्या वेगवान यंत्राने, म्हणजे एअरोटरने, फिलिंगसाठी कोरलेला खड्डा (कॅव्हिटी) वेडावाकडा झाला की दंत महाविद्यालयातल्या मुलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, माझा हातच बसत नाही." बहुतेकांचा हात ठीक असतो. बसण्यात, बघण्यात, विचारण्यात किंवा वेळ देण्यात आधीच काहीतरी चुकलेलं असतं आणि खापर हातावर फुटतं.

ही घाई प्रवेशापासूनच सुरू होते. नीटचे गुण एमबीबीएसला पुरले नाहीत म्हणून पसंतीक्रमात बीडीएसची कॉलेजं भराभर टाकली जातात. फी विचारतात, हॉस्टेल विचारतात, ओपीडीत पेशंट किती येतात हे मात्र कुणी विचारत नाही. चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, यातली तिसऱ्या वर्षापासूनची सगळी गाडी पेशंटवर चालते. मुंबईचं नायर किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय अशा ठिकाणी ती चिंता नाही. खासगी कॉलेज निवडत असाल तर कामाच्या दिवशी सकाळी अकराला ओपीडीत जाऊन किती खुर्च्या भरलेल्या आहेत ते बघून या. पुढे ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा पूर्ण करायला शेजारच्या आजोबांना कवळीसाठी गळ घालावी लागणार का, ते तिथेच कळेल.

पहिल्या वर्षाबद्दल एकच सांगते. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरताना थेट उंचवट्यांना हात घालू नका. आधी गालाकडची बाह्यरेषा मापात आखा, तेवढं मेण उतरवा, मग बाजूची रेषा घ्या. खालच्या पहिल्या दाढेचे पाच उंचवटे सगळ्यात शेवटी.

फॅंटम हेडवर

दुसऱ्या वर्षी सराव फॅंटम हेडवर, म्हणजे पेशंटच्या नकली डोक्यावर असतो. वरची दाढ दिसत नाही म्हणून मुलं मान वाकडी करून तोंडात डोकावतात. वरच्या दातांचं काम आरशात बघूनच करायचं असतं. सुरुवातीला हात उलटा जातो, जाऊ द्या. डोकं मागे कलतं करा, तोंड आपल्या कोपराच्या पातळीला आणा आणि स्टूल सरकवा. डोक्यामागची, घड्याळातल्या बाराच्या आकड्याची जागा त्यासाठीच आहे. नऊच्या जागी ठिय्या मारून सगळं तोंड उरकणाऱ्यांची पाठ तिशीच्या आत बोलायला लागते.

एअरोटर घसरतो, कारण बोटाला टेकू नसतो. अनामिका त्याच जबड्यातल्या जवळच्या घट्ट दातावर टेकवा. गालावर नको, गाल हलतो. कॅव्हिटी जास्त खोल जात असेल तर बरकडे, म्हणजे एअरोटरच्या कापणाऱ्या टोकाकडे नीट बघा. 245 नंबरच्या बरचं कापणारं डोकं 3 मिमी लांब असतं, म्हणजे ते निम्मं आत गेलं की दीड मिमी झाले. मोजपट्टी बरलाच आहे, अंदाज कशाला? बाजूची भिंत उघडताना शेजारच्या दाताला चरा जातो, तर मध्ये मॅट्रिक्स बँडची पातळ धातूची पट्टी सरकवा. टायपोडाँटमधला (सरावाच्या नकली जबड्यातला) दात बदलता येतो, पेशंटचा शेजारचा निरोगी दात बदलता येत नाही.

कवळीत बुडबुडे आलेत?

ही सबमिशनच्या आदल्या रात्रीची चूक आहे. फ्लास्क, म्हणजे कवळीच्या साच्याचा धातूचा डबा, थेट उकळत्या पाण्यात टाकला की काम लवकर होईल असं वाटतं. अॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडतं. त्यातलं मोनोमर हे द्रव साधारण 100 अंशांना उकळतं आणि जिथे थर जाड आहे तिथे आतल्या आत त्याची वाफ कोंडते. वरून चकचकीत कवळी पॉलिश केल्यावर चाळणीसारखी दिसते ती यामुळे. पाणी 74 अंशांवर दोन तास ठेवा, मग उकळी आणून एक तास. नंतर फ्लास्क टेबलावर पूर्ण थंड होऊ द्या. नळाखाली धरून घाईने उघडलात तर कवळी पिळवटते आणि मॉडेलवर बसत नाही. मग आणखी एक रात्र जागा.

पेशंट बोट दाखवतो, तो दात दोषी असेलच असं नाही

क्लिनिकमधली ही सगळ्यात महागडी चूक. पेशंट खालची दाढ दाखवून म्हणतो, "हीच ठणकते, कानापर्यंत जातं." तिच्यात छोटी कीडही दिसते. विद्यार्थी खूश, केस मिळाली! पण दाताच्या आतल्या सुजलेल्या गराची (पल्पची) कळ वरच्या जबड्यातून खालच्या जबड्यात जाणवू शकते, आणि उलटही. म्हणून त्याच बाजूचे वरचे-खालचे दोन्ही जबडे तपासा. आरशाच्या दांड्याने दात ठोकून बघा, थंड लावून बघा, मग एक्स-रे. थंड काढल्यावरही कळ रेंगाळते का, रात्री झोपमोड होते का, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. ती वाचवून चुकीच्या दातात रूट कॅनल सुरू केलेले लोक मी पाहिलेत.

खालच्या दाढेला भूल चढत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे सुई खाली गेलेली असते. दुसऱ्यांदा थोडी वरून द्या, शिकवणारा स्टाफ शेजारी असताना. सुई जेमतेम आत जाताच हाड लागलं तर टोक फार पुढे आहे. थोडी मागे घ्या आणि सिरिंज तोंडाच्या पुढच्या बाजूला आणून दिशा बदला. हाड लागलंच नाही तर औषध सोडू नका. सुई मागे कानाजवळच्या पॅरोटिड लाळग्रंथीपर्यंत गेलेली असू शकते आणि काही मिनिटांतच पेशंटला त्या बाजूचा डोळाही मिटता येत नाही. ते भूल उतरली की जातं, पण तोवर नातेवाइकांना तोंड तुम्ही द्यायचंय. "जड वाटतंय का?" एवढं विचारून थांबू नका, भिडेखातर लोक हो म्हणतात. खालचा ओठ अर्धा बधीर झालाय का ते विचारा आणि हिरडीला प्रोब लावून खात्री करा.

लस राहिली?

हिपॅटायटिस बीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांना घ्यायचे असतात, तरी तिसऱ्या वर्षाची पोस्टिंग लागल्यावर पहिल्या डोसची आठवण होते. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच घ्या. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. ही तपासणी जवळपास सगळेच टाळतात. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावू नका. टोपण ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुईनेच उचला.

इंटर्नशिपमध्ये सही करून लायब्ररीत जाऊन बसणाऱ्यांचं गणित मला कळतं, एमडीएसची (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाची) नीट समोर असते. पण काढायला अवघड असलेले दातांचे तुकडे काढताना पाठीशी उभं राहणारं माणूस पुढे दवाखान्यात मिळत नाही. तोंडाच्या शस्त्रक्रिया विभागातली पोस्टिंग तरी बुडवू नका.

पास होऊन लगेच दवाखाना टाकणार असाल तर राज्य दंत परिषदेची नोंदणी हातात येईपर्यंत पाटी लावू नका. जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी लागते, खाटा नसलेल्या दवाखान्यालाही. आणि एक्स-रे मशीन विकणारा "सगळं आम्ही बघतो" म्हणाला, तरी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर मशीन स्वतःच्या नावाने नोंदलं गेलंय का, ते स्वतः लॉगिन करून बघा.