जुनी गाडी अडखळते तेव्हा कार्बोरेटर सगळ्यात शेवटी खोला

अण्णांची स्प्लेंडर १९९९ची. नाशिकच्या सातपूरला कंपनीत ते तिच्यावरच जायचे, आता मी चालवते. मागच्या पावसाळ्यानंतर त्र्यंबक रोडला महिरावणीच्या पुढे गाडी झटके मारायला लागली आणि बंद पडली. पाच-दहा मिनिटं उभी केली की एका किकमध्ये सुरू, आणि सात-आठ किलोमीटर गेलं की पुन्हा तेच. एका गॅरेजमध्ये ठिणगी पाडणारा प्लग बदलला, मग त्याला करंट देणारी कॉइल बदलली. शेवटी "ताई, रिंगा गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल" असं सांगितलं. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी.

इंजिनला काहीच झालं नव्हतं. पुढच्या वेळी बंद पडल्यावर मी टाकीचं झाकण उघडलं तर 'सुस्स' करून हवा आत गेली. झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल जितकं खाली उतरतं तितकी हवा तिथून टाकीत जावी लागते. त्या भोकात चिखल वाळून बसला होता. टाकीत पोकळी तयार व्हायची आणि पेट्रोल उतरेनासं व्हायचं. टाचणीने भोक मोकळं केलं, झाकण धुऊन वाळवलं, आणि गाडी थेट त्र्यंबकला जाऊन परत आली.

तेव्हापासून मी पाना उचलण्याआधी वहीत एकच गोष्ट लिहिते: गाडी नेमकी कधी त्रास देते? थंड असताना, गरम झाल्यावर, रनिंगला (म्हणजे उभी असताना, रेस न देता चालू), की रेस दिल्यावर? निम्मं उत्तर तिथेच मिळतं. दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गाडी फिरवून बघायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

काम मोकळ्या जागेत, इंजिन गार झाल्यावर करा. बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवू नका, तो धूर विषारी असतो.

सुरुवात पेट्रोलपासून. कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाला, येणारी नळी काढून काचेच्या बाटलीत सोडा आणि टाकीखालचा कॉक उघडा. धार सलग यायला हवी. आधी धार चांगली आणि मग हळूहळू थेंब, असं झालं तर झाकण उघडा. धार परत वाढली तर दोष झाकणाचा. झाकण उघडूनही वाढली नाही तर कॉकची जाळी गंजाने भरलेली असते. मग कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून तिथलं पेट्रोलही बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास बघा.

बाटली आणि फडकी लांब नेऊन ठेवा, सांडलेलं पुसून वाळू द्या, मगच प्लगकडे वळा. काढलेला प्लग गाडीची तब्येत सांगतो. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणून एअर फिल्टर उघडून बघा. पांढरट टोक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. तेलकट ओला काळा म्हणजे ऑइल जळतंय. प्लगच्या दोन टोकांमधला गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. करंट बघायचा तर प्लग वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये घालून, त्याचा धातू इंजिनला घट्ट टेकवून, प्लगच्या भोकापासून लांब ठेवा आणि किक मारा. प्लग हातात धरू नका. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, मरगळलेली दिसली तर आधी कॅप आणि वायरचं टोक तपासा, कॉइल नंतर.

आता चोक, म्हणजे थंड गाडी सुरू व्हावी म्हणून हवा कमी करणारी खटकी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा चोक लागणारच, तो बिघाड नव्हे. पण भर दुपारीही चोक बंद केला की गाडी बंद पडत असेल, तर कुठूनतरी जास्तीची हवा ओढली जातेय किंवा स्लो जेट, म्हणजे रनिंगला पेट्रोल सोडणारी कार्बोरेटरमधली छोटी पितळी नळी, चोंदलाय. गाडी रनिंगला ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनच्या हेडच्या मधल्या जोडावर थोडं पाणी फवारा. आवाज बदलला तर तिथलं रबर किंवा जोडाची रिंग गेलीय, शे-दोनशेत काम होतं.

तसं नसेल तरच कार्बोरेटर खोला. स्लो जेटचं भोक मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक असतं. जेट खिडकीकडे धरून डोळा लावा: उजेडाचा गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. अर्धा चंद्र दिसला तर आत राळेसारखा थर आहे. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, पंपाने हवा मारा. तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की जेट फेकावाच लागतो. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत फिरवून किती फेऱ्यांनी बसतो ते मोजा आणि वहीत लिहा, म्हणजे परत तिथेच आणता येईल.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनची झडप) दाबून उघडणारा भाग. त्याचा टकटक आवाज सगळ्यांना घाबरवतो, पण मला एकदम गप्प झालेल्या टॅपेटची जास्त भीती वाटते. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधला गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि गाडी गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास देते. गार इंजिनवर फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे लावा.

एवढं करूनही दम नसेल आणि किक पायाखाली पोकळ जात असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन-चार किका मारून ते पसरू द्या, प्लग परत बसवा आणि पुन्हा किक मारून बघा. किक जड झाली तर रिंगा झिजल्यात, तशीच पोकळ राहिली तर व्हॉल्व्ह. हे काम घरी होत नाही. गॅरेजला न्या आणि ही तपासणी केल्याचं कारागिराला आधीच सांगा.