आधी वजन, मग उंची: ऑफ-रोड पिकअपचं सस्पेन्शन आणि बॉडी बदलण्याआधीची तयारी

पाना हातात घेण्याआधी वही आणि टेप घ्या. पिकअप सपाट फरशीवर उभी करा, चारही टायरांत हवा नेहमीइतकी भरा आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायर बदलला किंवा हवा उतरली की तो आकडा बदलतो, चाकाच्या मध्यापासूनचा आकडा मात्र फक्त स्प्रिंगबद्दल बोलतो. डाव्या-उजव्या बाजूत फरक दिसला तर तोही लिहा. एखादा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) दबून बसलेला असेल तर तो इथेच सापडतो. पुढे काहीही बसवलं तरी या चार आकड्यांकडेच परत यायचं आहे.

त्यानंतर वजनकाटा. टाकी भरून, एरवी गाडीत असतं ते सगळं सामान आणि माणसं घेऊन जा. आधी पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुढचं आणि तसंच मागचं. गाडीच्या प्लेटवर किंवा पुस्तकात तीन मर्यादा दिलेल्या असतात: एकूण वजनाची, पुढच्या ॲक्सलची (चाकांच्या आसाची) आणि मागच्या ॲक्सलची. एकूण वजन मर्यादेत आहे आणि मागचा ॲक्सल मात्र मर्यादेबाहेर, असं पिकअपच्या बाबतीत सर्रास घडतं. जाड स्प्रिंग टाकल्याने या मर्यादा वाढत नाहीत. स्प्रिंग गाडी उचलून धरते. ॲक्सलची नळी, बेअरिंग, ब्रेक आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) होत्या तेवढ्याच ताकदीच्या राहतात.

माझ्या पहिल्या पिकअपला मी उलटा क्रम लावला होता. आधी उंच स्प्रिंगा आणि शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे) टाकले, गाडी छान उभी राहिली. चार महिन्यांनी लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढणारी दोराची चरखी) आली, पाठोपाठ मागे कपाट आलं. पुढचा भाग परत मूळ उंचीच्या जवळ बसला, मागचा ताठ राहिला, आणि पुढच्या स्प्रिंगा दुसऱ्यांदा विकत घ्याव्या लागल्या. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. बॉडीवर काय काय चढणार हे आधी कागदावर पक्कं करायचं, त्याचं वजन मांडायचं आणि मगच स्प्रिंग निवडायची. सगळं एकदम बसवायचं नसलं तरी यादी शेवटच्या वस्तूपर्यंत हवी.

यादी मांडताना प्रत्येक वस्तूसमोर दोन गोष्टी लिहा: वजन किती आणि ती बसणार कुठे. विंच साधारण 40 किलोच्या आसपास असते, स्टीलऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर काही किलो वाचतात. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो, शिवाय टाकीचं वजन वेगळं. पण कुठे बसणार हा प्रश्न किती किलोच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे, आणि पिकअपवाले नेमका तोच विसरतात. समजा पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर 3 मीटर आहे आणि तुम्ही मागच्या ॲक्सलच्या 1 मीटर मागे 100 किलोचं ओझं टांगलं. मागच्या ॲक्सलवर 100 नाही, सुमारे 133 किलो येतात, आणि पुढचा ॲक्सल 33 किलोंनी हलका होतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागतं, ब्रेकची पकड कमी होते. खड्ड्यात आदळताना तेच ओझं चासीवर पहारीसारखं काम करतं. मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे, कॅबच्या पाठीमागे चासी वाकलेल्या पिकअप मी दोन पाहिल्या आहेत. दोन्हींत हौद्याच्या शेवटाला जड सामान होतं. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारांची पेटी हे सगळं कॅबला चिकटून आणि जमेल तितकं खाली ठेवा. दोन सुटी चाकं मागच्या दारावर लटकवण्याचा विचार असेल तर तो आताच सोडा. टपावर फक्त हलकं सामान, आणि टपाची मर्यादा वाचून.

आता बॉडी. पुढचा बंपर निवडताना तो एअरबॅगच्या सेन्सरशी जुळतो का, हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. रेडिएटरकडे जाणारी हवा अडत नाही ना, हेही बघा. मूळ बंपरचा खालचा ओठ दगडावर पहिला घासतो, त्यामुळे चांगल्या बंपरचा खरा फायदा म्हणजे चढणीला लागताना मिळणारा कोन. मागेही तेच: लांब हौद्याची पिकअप खड्ड्यातून वर येताना मागचा बंपर टेकवते. बाजूला स्लायडर (दारांखालचे संरक्षक दांडे) लावणार असाल तर ते चासीलाच धरलेले हवेत. पायरी आणि स्लायडर लांबून सारखे दिसतात, पण बॉडीच्या पत्र्याला धरलेली पायरी दगडावर बसली की दाराची खालची चौकट आत घालते. खालच्या संरक्षक प्लेटांमध्ये ऑइल सोडायचं भोक आहे का आणि चिखल धुऊन निघायला वाट आहे का, ते पाहून घ्या. आत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

गाडी ओढून काढायच्या हुकांना यादीत वरचं स्थान द्या. ट्रेलरचा गोळा यासाठी कधीही वापरू नका. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो आणि माणसं मेलेली आहेत. गाडी जहाजावर किंवा ट्रेलरवर बांधायला दिलेली कारखान्याची पातळ कडीही त्या कामाची नाहीत. चासीला बोल्टने घट्ट बसवलेले, ताकद लिहिलेले हुक पुढे आणि मागे हवेत.

एक गोष्ट पिकअपचीच खास. कॅब आणि हौदा हे चासीवर वेगवेगळे बसवलेले दोन डबे आहेत. गाडी तिरकी झाली की शिडीसारखी चासी पिळते आणि दोघांमधली फट वर-खाली होते. तिरक्या उतारावर कुणाला बाजूला उभं करून ती फट बघायला सांगा, डोळ्यांना दिसेल इतकी हलते. त्यामुळे कॅबच्या टपापासून हौद्यावरच्या पिंजऱ्यापर्यंत एकसंध, ताठ सांगाडा लावू नका. तो स्वतः तडकेल, नाहीतर कॅबचा पत्रा फाडेल. वायरी आणि पाइपही त्या फटीतून नेताना सैल ठेवा.

चासीला भोक पाडायची वेळ आलीच तर वरच्या किंवा खालच्या पट्टीत पाडू नका, ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. आधीपासून असलेली भोकं वापरता आली तर उत्तम. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा कंट्रोल युनिटमधून वाट काढतो. कापलेली, घासलेली प्रत्येक कड त्याच दिवशी झिंक प्रायमरने झाका. ‘उद्या रंगवू’ म्हटलं की राहूनच जातं. स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) लावताना प्रत्येक सांधा सील झालाय का ते तपासा, आणि मूळ एअर फिल्टरच्या डब्याला तळाशी पाणी जायचं छिद्र असतं ते विसरू नका. त्या छिद्रातून पाणी आत येत असेल तर वरच्या नळीचा उपयोग शून्य.

मग गाडीखाली आडवे व्हा आणि तुमच्याकडे काय आहे ते बघा. हायलक्ससारख्या बहुतेक पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलतं) आणि कॉइल (वेटोळ्याच्या स्प्रिंगा), मागे सरळ ॲक्सल आणि पाटे असतात. रेंजर रॅप्टरला मागेही कॉइल आहेत, आणि जीप ग्लॅडिएटरला पुढे-मागे दोन्हीकडे सरळ ॲक्सल. एकासाठी दिलेला सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही. पाट्यांचे बुश (सांध्यातली रबरं) चिरलेत का, सेंटर बोल्ट (पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणारा) जागेवर आहे का, बॉल जॉइंट हलतात का, सीव्ही जॉइंटच्या (पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांच्या) रबरी बुटातून ग्रीस उडालंय का, चासीला कुठे केसाएवढी चीर आहे का, हे सगळं टॉर्चने बघून लिहा. जुन्या रोगावर नवे भाग चढवू नका.

किती उचलायचं? स्वतंत्र सस्पेन्शनच्या पिकअपला 40 ते 50 मिलिमीटर पुरे, असं माझं ठाम मत आहे. त्यापुढे सीव्ही जॉइंट कायम वाकड्या कोनात फिरतात, बूट फाटतात, वरच्या आर्मचा (चाक धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट आपल्या टोकाला जाऊन पोचतो. पुढची उंची वाढली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भरकटायला लागते. अलाइनमेंटमध्ये (चाकांचे कोन जुळवताना) तो परत आणायला जागा उरली नाही तर वरचे आर्म बदलावे लागतात, म्हणून त्यांची सोय यादीतच करून ठेवा. मागे उचललं की प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलतो. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर गाडी सुटताना थरथर जाणवते आणि मधलं बेअरिंग थोडं खाली घ्यावं लागतं. बॉडी लिफ्ट, म्हणजे चासी आणि बॉडीमध्ये ठोकळे, ही वेगळी गोष्ट. त्याने टायरला जागा मिळते, पण चासी होती तिथेच राहते.

इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. सरळ ॲक्सलच्या डिफखालची (मधल्या गिअरच्या फुगीर डब्याखालची) जागा सस्पेन्शन उचलून एक मिलिमीटरनेही वाढत नाही, ती फक्त टायर वाढवतो. 265/70 आर 17 टायरचा व्यास सुमारे 803 मिलिमीटर, 285/70 आर 17 चा 831. फरक 28, म्हणजे डिफखाली मिळाले 14 मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 103 च्या पुढे असते, गिअर उंच लागतात आणि ब्रेकला काम वाढतं. सुटं चाकही त्याच मापाचं घ्या आणि ते मूळ जागी मावतं का ते आधी मोजा.

स्प्रिंग निवडताना विक्रेत्याला गाडीत कायम किती किलो असतात ते सांगा. वर्षातून दोनदा भरतो तेवढे सांगू नका. 300 किलो कायम वाहायला बनवलेले पाटे रिकाम्या गाडीला लावले तर मागचा भाग प्रत्येक खड्ड्यावर उडतो आणि चाक जमिनीवर टिकत नाही, तेही पकड सर्वांत जास्त हवी असते तेव्हा. मागच्या पाट्यांखाली ठोकळा घालून उंची मिळवता येते, पण जोर लावला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो. पुढच्या ॲक्सलला तर ठोकळा कधीच नको. शॉक त्याच उंचीच्या मापाने घ्या. दोन आकडे तपासा: पूर्ण दाबल्यावरची आणि पूर्ण उघडल्यावरची लांबी. दाबताना आधी बंप स्टॉप (शेवटी अडवणारा रबरी ठोकळा) टेकला पाहिजे, शॉक नंतर. उघडताना ब्रेकचा पाइप किंवा एबीएसची वायर ताणली जाता कामा नये. खडबडीत वाटेवर तास-तास चालवणार असाल तर जाड, जास्त तेलाचा शॉक घ्या. तेल तापून फेसाळलं की शॉक नुसता वर-खाली होतो, आवर घालत नाही.

काही पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चासीकडे जाणारी एक बारीक सळई असते. ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला गाडीत ओझं किती आहे ते सांगते. मागचा भाग उचलला की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. सळईची पट्टी नव्या उंचीप्रमाणे सरकवणं यादीत लाल शाईने लिहा.

नोंदणी आणि विम्याचे नियम काम सुरू करण्याआधी वाचा, विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

बसवायच्या दिवशी हव्यात चार मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा), दोन जॅक, गंज सोडवणारं तेल (ते दोन दिवस आधीपासून रोज मारा), नवे यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) आणि नवे लॉकनट. जुने यू-बोल्ट परत वापरू नका, एकदा ताणलेले असतात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नका. कॉइल दाबायचं काम येत नसेल तर ते मेकॅनिककडेच द्या. सुटलेली स्प्रिंग हात नेते.

कायमची जोडणी करण्याआधी एकदा कॉइल न घालता, नुसत्या शॉकवर चाक बसवा. गाडी घोड्यांवर असू द्या. चाकाखाली जॅक लावून ते बंप स्टॉपपर्यंत वर न्या आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. टायरच्या कडेला ओला खडू लावून ठेवा. जिथे घासेल तिथे पांढरी रेघ उमटते, मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर, कॅबच्या कोपऱ्यातल्या दुमडलेल्या पत्र्यावर, कधी आर्मवर. मग चाक पूर्ण खाली सोडा आणि ब्रेकचा पाइप बोटाने चाचपून बघा, ढिला लागला पाहिजे. या एका तासात पुढची सगळी दुखणी समोर येतात.

रबरी बुशचे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना फक्त हाताने बसवा. गाडी चाकांवर खाली उतरवा, नेहमीचं सामान टाका, दोनदा पुढे-मागे हलवा आणि मगच पुस्तकातल्या टॉर्कने आवळा. लटकत्या अवस्थेत आवळलेलं रबर खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. प्रत्येक आवळलेल्या नटावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून एकच रंगाची रेघ ओढा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

अलाइनमेंट नेहमीचं सामान गाडीत ठेवूनच करा. हेडलाइट खाली घ्या, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. पहिल्या 50 किलोमीटरनंतर रेघा बघा, 500 वर यू-बोल्ट पुन्हा आवळा, 1000 वर पुन्हा. तेव्हाच चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजा आणि नवे आकडे वहीत पहिल्या चारांशेजारी लिहा. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असतील तर चालेल; एकच बाजू जास्त बसली असेल तर गाडी परत घोड्यांवर घ्या.