कुत्र्यासाठी घरात गवत घेताय? आधी गवताची पाठ बघा

कुत्र्याला घरातल्या घरात शी-शू करता यावी म्हणून गॅलरीत किंवा बाथरूममध्ये खऱ्या किंवा कृत्रिम गवताचा तुकडा अंथरतात. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांना हे गवत निवडायला मी नेहमी मदत करते. दुकानदाराने प्रत्येकाला एकच गोष्ट पढवलेली असते: ‘अगदी खऱ्यासारखं दिसतं बघा.’ दिसण्याशी कुत्र्याला काडीचंही देणंघेणं नसतं. पायाला काय लागतं आणि नाकाला काय कळतं, तेवढंच तो बघतो. तुम्ही बघायचं ते एवढंच, की शू जाते कुठे.

1. गरज खरंच आहे का?

लसी पूर्ण न झालेलं पिल्लू (साधारण चार महिन्यांपर्यंत), सांधे धरलेला म्हातारा कुत्रा, ऑपरेशन झालेला कुत्रा, आणि मुंबई-कोकणातला पावसाळा, या चार वेळी गवत हवंच. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यांत उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. पण धडधाकट कुत्र्याला खाली न्यायचा कंटाळा येतो म्हणून गवत घेत असाल, तर घेऊ नका. फिरणं म्हणजे नुसती शी-शू नव्हे.

2. माप

कुत्रा आधी हुंगतो, मग गोल फिरतो, मग बसतो. चारही पाय गवतावर ठेवून त्याला वळता आलं पाहिजे. बाजारातला 20 बाय 25 इंचांचा गवताचा ट्रे शित्झू, पग अशा लहान जातींना पुरतो. लॅब्राडोर त्यावर पुढचे पाय ठेवतो आणि शू लादीवर करतो. मग लोक म्हणतात, ‘ऐकतच नाही हा!’ पाय वर करणारा नर असेल तर भिंतीवरही फूट-दीड फूट गवताची पट्टी लावा.

3. खरं की कृत्रिम?

गॅलरीत रोज चार-पाच तास ऊन येत असेल तरच खऱ्या गवताच्या नादी लागा. हरळी सावलीत तग धरत नाही, आणि एकाच जागी रोज शू पडली की त्यातल्या नायट्रोजनने जळून पिवळे-तपकिरी चट्टे पडतात. म्हणजे नर्सरीतून कार्पेट लॉनचे तुकडे पुन्हा पुन्हा आणणं आलं. आणताना कीटकनाशक कधी मारलं ते विचारा आणि गोचीड बघून घ्या, कारण कुत्रा ते गवत चघळणारच. लहान पिल्लाला किंवा मातीगवताशिवाय कुठेच न बसणाऱ्या गावठी कुत्र्याला सुरुवातीला खरं गवत उत्तम. बाकी घरांत कृत्रिमच घ्या.

4. निचरा

माझंही घोडं याच टप्प्यावर अडलं होतं, त्यामुळे इथे जरा थांबा.

कृत्रिम गवताची पाती प्लास्टिकची असतात, ती शू शोषत नाहीत. वास धरते ती पाठ. पात्यांना धरून ठेवायला मागे लॅटेक्सचा थर दिलेला असतो आणि त्याला ठरावीक अंतरावर भोकं असतात. सजावटीच्या स्वस्त गवतात ही भोकं एकतर लांब लांब असतात, नाहीतर लॅटेक्सनेच बुजलेली असतात. म्हणून दुकानात ग्लासभर पाणी मागा, नमुन्याचा तुकडा हातात आडवा धरा आणि वरून ओता. पाणी खाली धारेने पडलं तर ठीक. वर तळं साचलं किंवा कडेने ओघळलं, तर तो तुकडा परत ठेवा. दुकानदार हसला तर हसू दे.

पात्यांची उंची 25 ते 30 मिलिमीटरच्या आसपास असावी. दुकानदार 40-50 मिलिमीटरचं मऊ, दाट गवत गळ्यात मारायला बघतो. त्यात मुळाशी तपकिरी कुरळ्या धाग्यांचा थर असतो. त्यात शी एकदा अडकली की ब्रशने घासत बसा.

आता गवताखाली काय? तयार संचात ट्रे आणि जाळी मिळते. ट्रेमध्ये साचलेल्या शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि डोळे चुरचुरवणारा तो वास त्याचाच. ट्रे दिवसातून दोनदा ओतायची तयारी नसेल तर ट्रे घेऊच नका. त्यापेक्षा बाथरूममध्ये, मोरीच्या जाळीकडे उतार असेल तिथे, भांड्याच्या दुकानात मिळणारे एकात एक अडकणारे भोकांचे प्लास्टिक मॅट टाका आणि त्यावर गवत अंथरा. खालून पाणी वाहतं, वारा लागतो, आणि खर्चही कमी.

गॅलरीचं म्हणाल, तर आधी तिथल्या पाण्याचा पाइप कुठे उघडतो ते खाली जाऊन डोळ्यांनी बघा. बऱ्याच इमारतींत तो फक्त पावसाच्या पाण्याचा असतो आणि कंपाउंडमध्ये उघड्यावर सुटतो. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर थेंब पडले की सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा विषय तुमचा कुत्रा. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात कृत्रिम गवत चटका बसेल इतकं तापतं. आधी हाताचा तळवा ठेवून बघा.

आणि तुकडे दोन घ्याच. एक वापरात, एक वाळत. एकाच तुकड्यावर पावसाळा काढता येत नाही, तो वाळतच नाही.

5. धुणं

शी लगेच उचला, रोज बादलीभर पाणी ओता. आठवड्यातून एकदा एन्झाइमचं क्लीनर (पाळीव प्राण्यांच्या शूचा वास घालवणारं द्रव) टाकून बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या. घाईने धुतलंत तर पैसे पाण्यात. फिनेल वापरू नका, कुत्रा त्यावर चालून नंतर पाय चाटतो. ब्लीच तर मुळीच नको. शूतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो तुमच्याच छातीत जातो.

6. सवय

त्याच्याच शूत भिजवलेला कागद गवतावर ठेवा. झोपून उठल्यावर आणि जेवल्यावर तिथे न्या. केली की तिथल्या तिथे खाऊ द्या. चुकीच्या जागी केली तर नाक घासायचा जुना प्रकार बंद करा, त्याने तो फक्त सोफ्यामागे लपून करायला शिकतो. नीट सवय लागलेला कुत्रा अचानक जागोजागी थेंब थेंब करू लागला तर गवताला दोष देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. जोर करूनही शू होत नसेल तर त्याच दिवशी.

गवत कधी बदलायचं ते विचारतात. धुऊन खडखडीत वाळलेल्या तुकड्याची पाठ नाकाशी धरा. तरीही वास आला तर लॅटेक्स कामातून गेलं, फेकून द्या.