खुटखुटीत चिक्की आणि तिचा गोडाधोडात वापर

चिक्की बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. पाकात पाणी राहिलं की ती वातड होते, डब्यात दमट हवा शिरली की चिकट होते आणि श्रीखंडात किंवा आइस्क्रीममध्ये वेळेआधी घातली की विरघळते. त्यामुळे सगळं लक्ष पाण्यावर ठेवायचं.

साहित्य: शेंगदाणे 250 ग्रॅम, चिक्कीचा गूळ 225 ग्रॅम, पाणी 2 मोठे चमचे, तूप 2 छोटे चमचे, चिमूटभर मीठ, चिमूटभर खायचा सोडा.

गूळ चिक्कीचाच घ्या. तो चिवट असतो आणि त्याचा पाक कडक होतो. संक्रांतीच्या सुमारास किराणा दुकानात हमखास मिळतो. साध्या गुळाची वडी बरेचदा खुसखुशीत, भुसभुशीत होते. तिळाच्या मऊ वडीला ते चालतं, चिक्कीला नाही. साधाच गूळ हाताशी असेल तर त्यात एक मोठा चमचा लिक्विड ग्लुकोज घाला, म्हणजे पाकाला दाणा धरत नाही.

शेंगदाणे मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं भाजा. एक दाणा फोडून बघा: आतून फिकट बदामी दिसला की गॅस बंद. आत पांढरा असेल तर चिक्की कच्चट लागते. पूर्ण तपकिरी होईपर्यंतही थांबू नका, कारण पुढे गरम पाकात दाणा आणखी थोडा भाजला जातो. चोळून सालं पाखडा आणि दाण्याच्या पाकळ्या करा. अख्ख्या दाण्यांची चिक्की पातळ लाटता येत नाही. पाकात घालताना दाणे कोमट हवेत. गार दाण्यांनी पाक कढईतच आळतो.

पाक गॅसवर चढवण्याआधी पोळपाट किंवा पालथं ताट, लाटणं, उलथनं आणि सुरी यांना तुपाचा हात लावून ठेवा. शेजारी गार पाण्याची वाटी. पाक झाल्यावर यातलं काहीही शोधायला वेळ मिळत नाही.

जाड बुडाच्या कढईत किसलेला गूळ, पाणी, मीठ आणि तूप घालून मध्यम आचेवर विरघळवा. गुळात कचरा दिसला तर या टप्प्यावर गाळून घ्या. मग आच थोडी कमी करून ढवळत राहा. आधी मोठे बुडबुडे येतात, पाणी उडत जातं तसा फेस बारीक आणि दाट होतो, रंग गडद होतो. आता तपासणी सुरू. प्रत्येक वेळी गॅस बंद करा आणि मगच वाटीतल्या पाण्यात थेंब टाका, नाहीतर तुम्ही वाटीत बघत असताना कढईतला पाक पुढे निघून जातो. मऊ गोळी झाली तर पाक साधारण 115 अंश सेल्सिअसला आहे; हा लाडवांचा पाक. गोळी ताणल्यावर लांबते आणि दाताला चिकटते तेव्हा तो 135च्या आसपास असतो, आणि बहुतेकांची चिक्की इथेच घाईने उतरते. थेंब पाण्यातून काढून ताटावर टाकल्यावर टणकन वाजला आणि काचेसारखा तुटला की झालं. थर्मामीटर असेल तर 148 अंश बघा. या पाकात पाणी जेमतेम एक टक्का उरतं. 155च्या पुढे गूळ कडवट होतो.

गॅस बंद करून सोडा घाला. पाक फुलतो, त्यातल्या बारीक बुडबुड्यांमुळे चिक्की दाताखाली हलकी लागते. सोडा जास्त झाला तर रंग काळपट आणि चव साबणासारखी. लगेच दाणे मिसळून ताटावर ओता, वर तूप लावलेला बटर पेपर ठेवून अर्धा सेंटिमीटर जाडीची लाटा आणि मिनिटभरात सुरीने रेघा मारा. मुलांना या वेळी ओट्यापाशी येऊ देऊ नका. हा पाक कातडीला चिकटून बसतो आणि खोल भाजतो. कढई घासत बसू नका, पाणी भरून उकळा, चिकटलेलं सगळं सुटतं.

चिक्की वातड झाली तर पुन्हा पाकात नेण्याचा खटाटोप नको, दाणे करपतात. तिचे तुकडे भाजलेल्या दाण्यांबरोबर मिक्सरमध्ये फिरवून लाडू वळा.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. फ्रिजमध्ये ठेवू नका: बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन छोट्या बरण्या वापरा, म्हणजे सगळी चिक्की रोज हवेला लागत नाही.

आता गोड पदार्थ. गरम दुधात गुळाची चिक्की घालू नका, गुळातल्या आंबटपणामुळे दूध फाटू शकतं. बासुंदी, खीर, फालुदा यांच्यासाठी साखरेची करा: 150 ग्रॅम साखर कोरड्या कढईत पसरून मंद आचेवर, न ढवळता, फक्त कढई फिरवत वितळवा. गडद मधाचा रंग आला की एक मोठा चमचा लोणी आणि 100 ग्रॅम भाजलेले काजूचे तुकडे घालून ओता. घरचं बटरस्कॉच हेच. ढवळलं तर साखरेला पुन्हा दाणा धरतो.

चुरा खलबत्त्यात करावा, तुकडे तुरीच्या डाळीएवढे. मिक्सर वापरलात तर दोन-दोन सेकंदच फिरवा. भांडं तापलं की चुऱ्याचा गोळा होतो. खाली राहिलेली पूड चाळून वेगळी काढा, कारण ओल्या पदार्थात तीच आधी विरघळते. ही पूड थांबत-थांबत आणखी फिरवली की दाण्यांचं तेल सुटून छान पेस्ट होते. ती पोळीवर लावा किंवा केळ्याच्या मिल्कशेकमध्ये घाला.

अर्धा किलो चक्क्याच्या श्रीखंडात साखर नेहमीपेक्षा 50 ग्रॅम कमी घाला आणि वाढताना वरून 80 ग्रॅम चुरा पेरा. आधी कालवून ठेवलात तर चुरा सुटून श्रीखंड पातळ होतं. आइस्क्रीममध्ये चुरा दिवसभर टिकायला हवा असेल तर तुकड्यांवर वितळवलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ थर द्या, सुटे पसरून गोठवा आणि अर्धवट जमलेल्या आइस्क्रीममध्ये मिसळा. केकवर लावायचा तर बटरक्रीम बरं. त्यात स्निग्धांश जास्त, पाणी कमी. फेटलेल्या क्रीमवर मात्र केक कापायच्या अगदी आधी पेरा.