बोअर मारताय? परवानगी आणि पाणी तपासणीतल्या या चुका टाळा

बोअर घ्यायचा ठरला की आधी पाणाड्या येतो, मग नारळ फुटतो आणि रातोरात गाडी येऊन उभी राहते. कागदाची आठवण होते ती शेजाऱ्याने तक्रार केल्यावर. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, की जमीनमालकाने बोअर घेण्याच्या किमान १५ दिवस आधी सरपंच, जिल्हाधिकारी किंवा भूजल विभाग अशा संबंधितांना लेखी कळवायचं. ड्रिलिंग करणारी एजन्सीही नोंदणीकृत हवी. पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

“माझी जमीन, माझं पाणी” असं म्हणून भागत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही. शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली जायलाही मनाई आहे. तरी “अजून शंभर फूट मारू, लागेल पाणी” हे वाक्य प्रत्येक गाडीवर ऐकू येतं. गावाच्या नळयोजनेची विहीर आटते ती अशाच हट्टापायी.

बोअर फेल गेला तर वर गोणपाट आणि दगड ठेवून निघून जाऊ नका. लेकरं त्यात पडून जीव गमावतात, म्हणून तर न्यायालयाला हे नियम घालावे लागले. फेल बोअर माती, वाळू, दगडगोट्यांनी जमिनीच्या पातळीपर्यंत भरायचाच. चालू बोअरच्या केसिंगवर, म्हणजे भोकात बसवलेल्या पाइपवर, वेल्डिंग केलेली पोलादी प्लेट किंवा नटबोल्टचं घट्ट झाकण हवं आणि भोवती सिमेंटचा ओटा हवा.

केसिंगचे चार पाइप वाचवणं तर फारच महागात पडतं. केसिंग मुरूम ओलांडून पक्क्या खडकात बसायला हवं. तसं नसेल तर पहिल्या पावसातच गढूळ पाणी येतं आणि त्यासोबत शोषखड्ड्याची घाणही.

आता तपासणी. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून “दोनशे आला, पाणी गोड आहे” म्हणणं ही तपासणी नव्हे. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत, फ्लोराइड आणि नायट्रेट वेगळे कळत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात तर फ्लोराइड तपासल्याशिवाय मुलांना ते पाणी देऊच नये. आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं.

नमुना घेताना लोक हमखास चुकतात. कोल्ड्रिंकची बाटली विसळून, टाकीच्या नळाखाली भरून आणली, की अहवाल बाटलीचा आणि टाकीचा येतो, बोअरचा नाही. जंतू तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या. मोटर थोडा वेळ चालू ठेवून साचलेलं पाणी जाऊ द्या आणि थेट बोअरच्या पाइपखाली बाटली धरा. तोंडाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, वर थोडी जागा सोडा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा, २४ तासांच्या पुढे नमुना कामाचा राहत नाही. रासायनिक तपासणीची बाटली वेगळी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत दोन्ही तपासण्या होतात. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नमुना द्या.

अहवालात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू आले, तर घाबरून अंदाजाने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतू नका. बोअरमधल्या पाण्याचा हिशेब काढा. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन फक्त वरचं पाणी सोडायचं, तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी, करायची. मात्र घाण कुठून झिरपते ते शोधल्याशिवाय हा उपाय टिकत नाही. पुन्हा नमुना क्लोरीन पूर्ण निघून गेल्यावरच द्या, नाहीतर अहवाल खोटा चांगला येतो.