पिकअपमधे सुटा नट सापडला तर फेकू नका, आधी तो कुठला ते शोधा

भाऊ, रावेर-सावद्याकडे केळीची कटाई चालू असली की पिकअप दिवसभर शिवाराच्या रस्त्यानं आपटत असते, नट ढिले होणारच. हौदा झाडताना पानांच्या कचऱ्यात एखादा नट निघतो आणि आपण तो डॅशबोर्डवर टाकून मोकळे होतो. माझ्या गाडीच्या शॉकअपचा नट असाच आठ दिवस समोर पडून होता अन मागचा आवाज मी पाट्यांचा (चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचा) समजत होतो, म्हणून सांगतोय.

नट हातात घेऊन आटे बघा. पूर्ण गंजलेला असेल तर जुना पडलेला किंवा मालासोबत आलेला असू शकतो, पण आटे चकचकीत असतील तर तो नुकताच सुटलाय, तेव्हा गाडी लोड करायच्या आधी त्याची जागा शोधा. पाना लावून बघा, 10 नंबरचा बसला तर साधारण 6 एमएमचा बोल्ट, 13 चा बसला तर 8 चा, म्हणजे पत्रा, ब्रॅकेट, क्लॅम्प असलं काहीतरी. त्याहून मोठा असेल तर शॉकअप, पाटे, चाकं इकडे आधी बघा.

खडखड ऐकायची तर आधी केबिन पूर्ण रिकामी करा, जॅक, टॉमी, पाण्याची बाटली सगळं बाहेर, कारण बरेचदा आवाज त्यांचाच असतो. सीटखाली जुन्या स्पीकरचा मॅग्नेट दोरीला बांधून फिरवा, लोखंडी असेल ते चिकटून येतं (पितळ, अॅल्युमिनियम येत नाही, तिथं टॉर्च मारून बघायचं). पेडलखाली तर रोज बघा, ब्रेकखाली नट अडकला तर काय होईल ते सांगायला नको. मग काच खाली करून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीला धरून हळू चालवा, आवाज भिंतीवरून परत येतो, कोणत्या बाजूचा ते लगेच कळतं. स्पीडब्रेकरवरच खडखडलं तर शॉकअप, बुश (जोडातलं रबर) नाहीतर यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारा यू आकाराचा बोल्ट). उभ्या गाडीत इंजिन स्लो असताना पत्र्यासारखं वाजतं अन रेस दिल्यावर थांबतं तेव्हा बहुतेक सायलेन्सरचा क्लॅम्प किंवा त्याच्यावरचा पत्रा, तो थंड झाल्यावरच हात लावा.

खाली शिरताना सपाट जागा, हॅन्डब्रेक, चाकांना दगड, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. नटाच्या भोवती गंजाची तांबडी रेघ किंवा घासून चमकलेली रिंग दिसली की तो हलतोय समजा. हातोडीनं हलकं ठोका, घट्ट बोल्ट टण्ण वाजतो, ढिला भद्द. इंजिनजवळ पाना चालवायचा तर बॅटरीची मायनस वायर आधी काढा.

चाक बदललं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट परत आवळा, समोरासमोरचे. नवे पाटे टाकले असतील तर पहिल्या दोन-तीन लोड फेऱ्यांनंतर यू-बोल्टही बघा. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) एकदा उघडला की शक्यतो नवाच टाका. आवळून झालं की नट अन ब्रॅकेट दोन्हीवरून पांढऱ्या पेंटची एकच रेघ ओढा, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तिथंच पाना लावायचा.